चिंधीचा कागद, लुगड्याची गोधडी

कोणी हाताने काही करीत बसले आहे असे दिसले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "विकता का हो?" 'नाही' म्हटले की लगेच दुसरा, "मग एवढा खटाटोप कशाला?" मी पनवेलच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सुटीच्या दिवशी रद्दीचा लगदा करून त्याचे नवे कागद काढतो, शिवाय गोधड्या शिवतो. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच येतात. प्राध्यापकांच्या खोलीत एका मित्राने तर, "काय हो सर, पुरुषाच्या हाती सुई?" असे विचारून पाहिले. शिंपी काय सगळ्या बायकाच असतात का, एवढेच मी त्याला विचारले. तेव्हापासून तो माझ्याकडे तुटलेली बटणे घेऊन येतो!

हल्ली छंदाचीसुद्धा तयार पेटी मिळते. आत रंगीत कागदाच्या पट्ट्या, कापून ठेवलेली फुले, गोंदाची बाटली आणि कशावर काय चिकटवायचे याचे चित्र. आमच्या मुलीच्या वाढदिवसाला अशा तीन पेट्या आल्या. संध्याकाळपर्यंत तिन्ही संपल्या आणि "बाबा, आता काय करू?" म्हणून ती पुन्हा माझ्यासमोर उभी! पेटी वाईट असते असे मी म्हणणार नाही. परंतु तिच्यात एक वस्तू घालायची राहून गेलेली असते, ती म्हणजे चिंधी. जी टाकून द्यायची होती ती हातात घेऊन 'हिचे काय होईल?' असा विचार करण्यातच या छंदाची सारी गंमत आहे.

चिंधी हा शब्द आपण मराठीत फार हलका करून ठेवला आहे. वास्तविक द्रौपदीने कृष्णाच्या जखमी बोटाला बांधली, ती चिंधीच. आणि पुष्कळांना ठाऊक नसेल, पण ज्याच्यावर आपण लिहितो तो कागददेखील मुळात चिंधीच्याच पोटचा. लाकडाच्या लगद्याचा कागद सरसकट होऊ लागला तो १९व्या शतकात. त्यापूर्वी साऱ्या युरोपात चिंध्यांचाच कागद होई. आपल्याकडे चिंध्यांच्या जोडीला जुने दोरखंड आणि गोणपाट. महाराष्ट्रात जुन्नर आणि दौलताबाद ही कागदाची नावाजलेली ठिकाणे. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गावच आहे, आणि पुण्यातही कसब्याजवळ कागदीपुरा होता. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, धुवायच्या, हौदात कालवायच्या, आणि तो पातळ लगदा चाळणीवर उचलून त्याचा पापुद्रा धरायचा. वाळल्यावर त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. हे 'कागदी' कारागीर बहुतेक मुसलमान. मोडी दस्तऐवजांचे आपण गोडवे गातो, परंतु तो कागद करणाऱ्या हातांची आठवण क्वचितच काढतो.

एकदा पुण्याच्या पुराभिलेखागारात १८व्या शतकातले काही मोडी कागद पाहण्याचा योग आला. कडा कसरीने खाल्लेल्या होत्या, परंतु कागद लवचीक होता. घडी उलगडताना तडकला नाही. त्याच आठवड्यात घरी ३० वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले, तर त्याचा पापड झालेला! कारण साधे आहे. लाकडातला लिग्निन नावाचा पदार्थ स्वस्त कागदात तसाच राहतो आणि उजेडाने, हवेने पिवळा पडतो. त्यातच कारखान्यात तुरटी आणि राळ वापरीत, त्यामुळे कागद आम्लधर्मी होऊन आतून कुजतो. सुती चिंधी ही जवळजवळ निव्वळ तंतूच. ती कुटली तरी तिची ताकद जात नाही.

हे ज्ञान लोपू नये म्हणून आपल्याच राज्यात एक मोठा प्रयत्न झाला. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला आणि वर्ध्याला हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. त्याच प्रेरणेतून के. बी. जोशी यांच्या खटपटीने १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. तो कागद सुती कातरणाचा. पुण्याला कामाला गेलो की मी त्याचे दोन-चार ताव घेऊन येतो आणि घरी आपल्या कागदाशेजारी ठेवतो. तेवढ्याने गर्व उतरतो.

घरी करायचे तर साहित्य थोडकेच लागते. दोन सारख्या लाकडी चौकटी, त्यांतल्या एकीवर ताणून ठोकलेली बारीक जाळी, एक पसरट टब आणि जुन्या धोतराचे तुकडे. लग्नपत्रिका आणि वह्यांची पाने फाडून रात्रभर भिजवावीत आणि भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवावीत. (मिक्सर निराळा हवा. यावर आमच्या घरात एकदा गंभीर चर्चा झालेली आहे.) लगदा टबात सोडून चौकट तिरपी बुडवायची, आडवी करून सरळ वर उचलायची आणि पाणी निथळताना चारी बाजूंना हलकेच हलवायची. या हलवण्यातच सारी मेख आहे. तंतू एकमेकांत गुंतले तर कागद, नाही तर घावन! मग तो पापुद्रा धोतराच्या तुकड्यावर पालथा घालायचा, वर दुसरा तुकडा, असे थर करून पाटाखाली दाबायचे आणि वाळवायचे. कापडाच्या चिंध्या मात्र मिक्सरला पेलत नाहीत, पात्याला दोऱ्या गुंडाळून तो बंद पडतो. त्या नखाएवढ्या कातरून, धुण्याच्या सोड्यात उकळून, स्वच्छ धुऊन खलबत्त्यात कुटाव्या लागतात. एका कागदासाठी अख्खी दुपार जाते.

आमच्या पनवेलात हा उद्योग जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद. खाडीकाठची हवा आणि वरून कोकणातला पाऊस. कागद चार-चार दिवस वाळत नाही आणि पाचव्या दिवशी त्यावर हिरवी बुरशी येते. दसऱ्यानंतरचे ऊन हा खरा हंगाम. म्हणूनच दिवाळीत कामट्यांच्या आकाशकंदिलाला घरचा कागद लावता येतो. त्यातून येणारा उजेड पतंगाच्या कागदासारखा झगमगत नाही, जरा दुधाळ असतो. मुलीला तो फिका वाटतो. तिच्या समाधानासाठी झिरमिळ्या लालभडक!

पावसाळ्यात हात रिकामे राहू नयेत म्हणून गोधडी. खरे म्हणजे ती आधीची; आईकडून उचललेली. आई दुपारी जमिनीवर लुगडे अंथरी, त्यावर जुन्या धोतरांचे थर, वर दुसरे लुगडे, आणि कडेपासून धावदोरा घालीत घालीत मध्याकडे येई. कडेपासून सुरुवात का, तर थर सरकत नाहीत. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची 'कवंदी'ही अशीच कडेने आत येते. कोणी कोणाला शिकवले नसेल. कापडानेच दोघींना शिकवले असावे.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या ट्रंकेत अकरा सुती नऊवारी लुगडी निघाली. त्यांच्या गोधड्या कराव्यात असे माझ्या मनात आले आणि मी ते ताईला फोनवर सांगितले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "आईच्या लुगड्यांना तू कात्री लावणार? तुझा छंद तुझ्या रद्दीवर कर." त्यानंतर दोन महिने आम्ही फक्त प्रकृतीची चौकशी करीत होतो. छंदाच्या पुस्तकात हे प्रकरण कुठेच नसते. चिंधी निर्जीव असली तरी ती कोणाची तरी असते.

ताईचे म्हणणे मी पुष्कळ तोलून पाहिले. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड येथल्या कृष्णवर्णीय बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या करीत. २००२ पासून त्या तिकडच्या मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटेही निघाली. त्यांतली एक मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली केलेली. नवरा वारल्यावर त्यांनी त्याचे शेतात घालायचे कपडे कापून गोधडी शिवली, त्याची आठवण म्हणून आणि त्या मायेखाली निजता यावे म्हणून. गुडघ्यावर झिजून फिकट झालेले कापड तिच्यात तसेच दिसते. तिचे चित्र मी ताईला पाठवले, सोबत एक अक्षरही लिहिले नाही. उत्तर आले नाही.

मध्ये एक पावसाळा गेला. ट्रंक उघडली तर दोन लुगड्यांवर काळे ठिपके, आणि एक घडीच्या रेषेवर आपोआप उसवल्यासारखे फाटलेले. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले की सूत तिथेच तुटते. अधूनमधून घडी बदलावी लागते. हे मी ताईला कळवले, ते वाद जिंकायला नव्हे. तिलाही ते ठाऊक असायला हवे होते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत ती आली. चहासुद्धा न घेता ट्रंकेसमोर बसली. लग्नकार्यात आई नेसे ते हिरवे लुगडे आणि आणखी तीन तिने बाजूला काढली, "ही अशीच राहतील" म्हणाली. फाटलेले हातात घेतले, पदर वेगळा केला आणि कात्री माझ्याकडे मागितली. मी दिली. पहिला काप तिनेच घातला.

दोन लुगड्यांची, विरलेला भाग वगळून, पाच थरांची एकेरी गोधडी होते. एक पुरी झाली, ती ताईकडे गेली. उरलेले बारीक तुकडे मी कुटले. त्यांचे वहीच्या पानाएवढे सात कागद निघाले, किंचित निळसर. मुलगी म्हणते त्यावर चित्रे काढू, ताई म्हणते पाककृती लिहू, आईच्या अनारशांची आधी. अद्याप कोणी काही लिहिलेले नाही. दुसरी गोधडी सध्या अर्ध्यावर आली आहे. ताई महिन्यातून एका रविवारी येते आणि समोरच्या कडेने शिवत येते. दोरा पांढराच हवा असा तिचा हट्ट आहे, मला लाल हवा होता. तूर्त तिची बाजू पांढरी आहे आणि माझी लाल.