वाळूची किंमत

केळशीला मी पहिल्यांदा गेलो तो समुद्र पाहायला नव्हे, कर्जे पाहायला. साल १९८७. दापोली तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी नवा अधिकारी होतो आणि आंबा-नारळाच्या बागांची तपासणी करून त्यांचे मूल्य ठरवणे हे माझे काम होते. एस.टी.तून उतरलो की जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून वाट काढत हिंडायचे. एका हाताला माडाच्या वाड्या, दुसऱ्या हाताला उतरत्या छपरांची कौलारू घरे, आणि दुपारच्या वेळी सगळ्या गावावर पसरलेली गाढ शांतता.

त्या दिवशी एका म्हाताऱ्या बागायतदाराने मला बाग दाखवली आणि मग, काही कारण नसताना, खाडीकडे नेले. भारजा नदी समुद्राला मिळते तिथे वाळूची एक प्रचंड टेकडी उभी होती. चार-पाच मजली इमारतीएवढी सहज असेल. मी सवयीने विचारले, "ही कोणाच्या नावावर?"

"नाव कोणाचं का असेना, साहेब," म्हातारा म्हणाला. "ती तिथे आहे म्हणून मागे आम्ही आहोत."

मी मान डोलावली आणि अहवालात लिहिले: पडीक वाळू, तारणायोग्य नाही.

आपल्याकडे प्राचीन अवशेष म्हटले की डोळ्यांपुढे लेणी येतात, पडके बुरूज येतात. केळशीत पाहुण्याला दाखवण्यासारखे तसे पुष्कळ आहे. घुमटांचे महालक्ष्मीचे देऊळ आहे. चैत्रात तिथे उत्सवाला गाव भरून जाते. टेकडीवर याकूतबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांची या फकिरावर श्रद्धा होती असे परंपरा सांगते, आणि दोन्ही धर्मांची माणसे तिथे जातात. पण गावातला सर्वांत बोलका अवशेष मी तारणायोग्य नाही म्हणून खोडलेला होता.

ते मला पुढे कळले. १९९०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास सुरू केला. वाळूच्या पोटात त्यांना खापरे, हाडे, कोळसा आणि बहमनी काळातली नाणी सापडली. वाऱ्याने वाळू येते, पण वाळूबरोबर माणसाच्या वस्तीचा असा पसारा वारा आणत नाही. एखाद्या प्रचंड लाटेने हे सगळे एका तडाख्यात आणून टाकले असावे, असा त्यांचा निष्कर्ष. पोर्तुगीज इतिहासकारांनी एक नोंद करून ठेवली आहे : १५२४ साली वास्को द गामाचे आरमार दाभोळच्या आसपास असताना समुद्र अचानक हादरला, जहाजे डगमगली, खलाशी भयभीत झाले. केळशीपासून दाभोळ किती दूर? किनाऱ्याने पाहिले तर शेजारचेच.

हा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. लाट की वारा, हा वाद अभ्यासकांत आहे, आणि तो असणे चांगलेच. पण 'आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असे काही होत नाही' हे मात्र आता कोणी छातीठोकपणे म्हणू नये. नोव्हेंबर १९४५मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या आणि माणसे दगावली. २६ डिसेंबर २००४नंतर तर 'त्सुनामी' हा शब्द आपल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक झाला.

वाद मिटवायचा तर पुरावा जागेवर हवा. पण सागरी मार्गावरच्या खाडीपुलाच्या कामात या टेकडीचा लचका तोडला गेला. मला पुलाचा राग नाही. अडल्या बाईला घेऊन खाडीला मोठा वळसा घालणे म्हणजे काय, हे पलीकडच्या गावांना विचारावे. राग आहे तो हिशेबाचा. कोणीतरी कागदावर त्या जागेपुढे तेच लिहिले असणार, जे मी लिहिले होते. पडीक वाळू. किंमत शून्य. आणि शून्य किमतीची वस्तू उचलताना कोणाला विचारावे लागत नाही.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आले. काही दिवसांनी मी केळशीला गेलो, तेव्हा वाड्यांमध्ये माड आडवे पडले होते, कौले उडाली होती. तो म्हातारा केव्हाच गेलेला. त्याचा नातू मोडलेल्या सुपारीच्या बागेत उभा होता. मी त्याला आजोबांचे ते वाक्य सांगितले. तो जरा वेळ खाडीकडे पाहत राहिला.

"आम्हालाही तेच सांगायचे," तो म्हणाला. "पण ते सातबाऱ्यावर कुठे लिहिलंय?"

बँकेत एक साधा नियम असतो. ठेव मोडायची तर ठेवीदाराची सही लागते. केळशीची ठेव समुद्राने ठेवली की वाऱ्याने, ते विद्वान ठरवतील. तिच्यावर जगणाऱ्यांची सही मात्र कोणी घेतली नाही. टेकडीचे जे उरले आहे त्याची मोजणी होऊन, निदान एका सरकारी कागदावर 'पडीक' हा शब्द खोडला जावा, एवढेच माझे मागणे आहे.

माझा तो अहवाल मला आता दुरुस्त करता येणार नाही. म्हणून हे लिहिले.