सुरीची मूठ : हात, हत्यार आणि संज्ञा

मराठीत ‘मूठ’ हा शब्द दोन अर्थांनी योजला जातो. मिटलेला हात म्हणजे मूठ आणि त्या हाताने धरावयाचा हत्याराचा भाग, तोही मूठच. संस्कृत ‘मुष्टि’ या शब्दातही हे दोन्ही अर्थ आढळतात. कुऱ्हाडीच्या किंवा फावड्याच्या लाकडास मात्र आपण ‘दांडा’ म्हणतो. हा भेद केवळ लांबीचा नव्हे. दांड्यावर हात मागेपुढे सरकतो आणि ते सरकणे कामास आवश्यक असते. मुठीवर हात सरकला तर तो पात्यावर जातो. हाताने घडविलेल्या सुरीची मूठ कशी असावी, याचा विचार येथे या भेदाच्या आधारे करावयाचा आहे.

टोक रुतविताना सुरी अकस्मात अडकली, तर ओला किंवा तेलकट हात पुढे घसरतो. अशा वेळी बोटे वळविणारे स्नायुबंध कापले जाण्याचा धोका असतो व ती इजा सहजासहजी भरून येत नाही. यास्तव मुठीच्या पुढील टोकास आडवी पट्टी किंवा निदान बोट अडेल असा उतरता उंचवटा ठेवतात. नेपाळी खुकरीच्या मुठीचे मागील टोक रुंद असते, कारण तेथे घाव घालताना हत्यार हातातून निसटण्याचे भय अधिक. उलट फिनलंडच्या पारंपरिक पुक्को सुरीस आडवी पट्टी नसते. ती मुख्यतः लाकूड तासण्यासाठी वापरली जात असल्यामुळे मध्ये फुगीर व दोन्ही टोकांकडे निमुळती मूठ तिला पुरते. तात्पर्य, मुठीचा आकार कामाच्या दिशेवरून ठरतो.

दुसरा प्रश्न छेदाचा. पूर्ण गोल मूठ हातात फिरते आणि धार कोणीकडे आहे हे न पाहता कळत नाही. लंबगोल मुठीत ते बोटांनाच कळते. जपानी स्वयंपाकाच्या सुऱ्यांच्या मुठी लंबगोल किंवा अष्टकोनी असतात, त्याचा हा एक लाभ होय.

मापांविषयी काही सांगणे अगत्याचे आहे. प्रौढाच्या तळहाताची रुंदी साधारणतः ७ ते ९ सेंटिमीटर असते. म्हणून मूठ १० ते १२ सेंटिमीटर लांब असावी, नाहीतर तिचे टोक तळहातात रुतते. उंची सुमारे ३ आणि जाडी २ ते २.५ सेंटिमीटर ठेवल्यास बहुतेकांना ती सुखावह होते. जे. आर. नेपियर यांनी १९५६ साली हाताच्या पकडीचे ‘बळाची’ व ‘नेमकेपणाची’ असे दोन प्रकार वर्णिले. सुरी धरणारा हात एकाच कामात या दोहोंमध्ये फिरत असतो. म्हणूनच प्रत्येक बोटासाठी खाच कोरलेली मूठ दिसावयास सोयीची वाटली तरी वापरावयास गैरसोयीची ठरते. ती हाताला एकाच स्थितीत जखडते आणि खाचांचे अंतर घडविणाऱ्याच्या बोटांशी जुळते, वापरणाऱ्याच्या नव्हे.

तिसरी गोष्ट जोडाची. पात्याचा मागील निमुळता भाग मुठीत पुरेसा खोल गेला पाहिजे अथवा त्याच्या दोन्ही अंगांस लाकडाच्या फळ्या रिपिटांनी पक्क्या बसविल्या पाहिजेत. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत फारसे नाही. म्हणून रेषा मुठीच्या लांबीस समांतर असाव्यात. रिपिटांची डोकी लाकडाशी सपाट घासावीत व सर्व कडा गोलसर कराव्यात. चकचकीत वार्निशापेक्षा जवसाच्या तेलाचे पातळ हात बरे, कारण वार्निशाचा जाड थर ओल्या हातात निसरडा होतो. अंतिम आकार देण्यापूर्वी मऊ लाकडाचा नमुना करून तो प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या हाती द्यावा आणि ओल्या हातानेही धरून पाहण्यास सांगावे.

आपल्या विळीस मूठच नाही. तेथे पाते स्थिर राहते, पाट पायाने दाबला जातो आणि पदार्थच धारेवर नेला जातो. सुरीत हे सारे उलटते. पाते हलते, म्हणून त्यावरील ताबा सर्वस्वी मुठीवर अवलंबून असतो.

आज बोलण्यात मूठ आणि दांडा या दोहोंसाठी ‘हँडल’ हा एकच शब्द सर्रास चालतो. शब्द परका आहे ही तक्रार नाही. मात्र तंत्रविषयक पाठ्यपुस्तकात तोच एक शब्द राहिला, तर कोठे हात सरकावा आणि कोठे सरकता कामा नये, हा भेद विद्यार्थ्यास निराळा शिकवावा लागेल. परिभाषा घडविताना या दोन शब्दांची गल्लत न करणे, यात हाताचीही सुरक्षितता आहे.