आजोबांची राजदूत

समजा, उदगीरच्या एका जुन्या घरात, ढाळजेच्या कोपऱ्यात, एक मोटारसायकल उभी आहे. तिच्यावर गोणपाट टाकलेले आहे. टायर बसले आहेत. टाकीचा रंग उडाला आहे आणि जिकडेतिकडे तांबूस खवले दिसत आहेत. घरातले कोणी म्हणते, "किती दिवस जागा अडवणार? भंगारवाल्याला देऊन टाका." आजोबा काही बोलत नाहीत. याच गाडीला दुधाचे कॅन बांधून त्यांनी कितीतरी वर्षे गावोगाव दूध गोळा केलेले असते. भंगारवाला वजनाप्रमाणे पैसे देईल. पण त्या वर्षांचे वजन कोणत्या काट्यावर करायचे?

अशी गाडी पुन्हा चालू होऊ शकते का? पुष्कळदा होऊ शकते. ते कसे, हे या पाठात पाहू.

जुन्या काळी खेड्यापाड्यांतून दिसणारी एक गाडी म्हणजे राजदूत. राजदूत म्हणजे सफीर. एस्कॉर्ट्स या कंपनीने १९६० च्या दशकात पोलंडमधील एका मोटारसायकलीच्या नमुन्यावरून ती भारतात बनवायला सुरुवात केली. तिचे इंजिन १७३ घनसेंटिमीटरचे. लोक तिला '१७५' म्हणत. गाडी साधी, दणकट आणि ओझे वाहणारी होती. १९७३ साली 'बॉबी' या चित्रपटात याच कंपनीची एक बुटकी, लहान चाकांची गाडी झळकली आणि लोक त्या गाडीलाही 'बॉबी' म्हणू लागले. आपल्या राज्यात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९७२ पासून ५० घनसेंटिमीटरची 'लुना' तयार होऊ लागली. या गाड्यांची रचना साधी होती. म्हणूनच त्या आजही घरी खोलून पाहता येतात.

गाडीचा खरा शत्रू म्हणजे गंज. उर्दूत ज्याला आपण जंग म्हणतो, तोच हा गंज. लोखंड, हवेतील ऑक्सिजन आणि पाणी ही तिन्ही एकत्र आली की गंज तयार होतो. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात तो हळू वाढतो आणि पावसाळ्यात वेगाने. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे त्याचे पोपडे सुटतात, फटींतून पाणी आत जाते आणि खालचे लोखंडही गंजू लागते. गंज स्वतःहून थांबत नाही, तो याच कारणाने.

प्रत्येक धातूचा स्वभाव मात्र वेगळा असतो. ॲल्युमिनियमवर हवेमुळे एक पातळ थर चढतो आणि तोच थर आतील धातूचे रक्षण करतो. घराच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून तो लवकर गंजत नाही. आपल्या जवळच्या बीदरची बिदरी भांडी जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाची असतात. कारागीर तिथल्या किल्ल्यातील माती वापरून ती मुद्दाम काळी करतात आणि त्या काळ्या रंगावर चांदीची नक्षी खुलते. म्हणजे धातूचा रंग बदलला की तो बिघडलाच, असे नाही. काय घासायचे आणि काय तसेच ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते.

कामाची सुरुवात पान्याने करू नये, वहीने करावी. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. कोणती तार कुठे जाते, याचे चित्र काढा. सुटे केलेले नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावा. गाडी खोलणे सोपे असते, जोडणे अवघड. गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवला तर तुटतो किंवा त्याचे आटे जातात. त्यावर डिझेल आणि तेल सोडून रात्रभर थांबावे. सकाळी तोच बोल्ट मुकाट्याने फिरतो.

पेट्रोलच्या टाकीचे काम सर्वांत धोक्याचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लहानशा ठिणगीनेही पेट घेते. म्हणून जुने पेट्रोल नेहमी मोकळ्या जागेत, चुलीपासून दूर आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली काढावे. रिकामी टाकी अधिक सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. तो गैरसमज आहे. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते. अशा टाकीला वेल्डिंग करायला गेल्यास तिचा स्फोट होऊ शकतो.

टाकी पाण्याने अनेकदा धुतल्यावर तिच्यात शिरका भरून एक दिवस ठेवावा. शिरक्यातील आम्ल गंज विरघळवते. आपल्या घरी चिंचेने तांब्या-पितळेची भांडी घासतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. टाकीत मूठभर जुने नट टाकून ती हलवली की आतले खवले सुटतात. नंतर टाकी रिकामी करून सगळे नट मोजून बाहेर काढावेत. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुऊन टाकी लगेच उन्हात वाळवावी व आतून तेलाचा हात फिरवावा. ओली राहिली तर काही तासांतच नवा गंज धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

बराच काळ बंद असलेल्या गाडीची किक कधी कधी हलतच नाही. सिलिंडरमध्ये गंज धरल्याने पिस्टन जाम झालेला असतो. अशा वेळी किकवर उभे राहून उड्या मारू नयेत. प्लग काढून त्या छिद्रातून तेल आणि डिझेल थोडे थोडे सोडावे आणि काही दिवस वाट पाहावी. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू मागेपुढे हलवावे. एक दिवस पिस्टन केसभर सरकतो. तेवढे पुरेसे असते. जबरदस्तीने जे तुटले असते, ते सबुरीने सुटते. हा सबुरी शब्द म्हणजे तुमच्या ओळखीच्या 'सब्र'चाच भाऊ.

यानंतर ठिणगी आणि इंधन यांकडे वळावे. प्लग स्वच्छ करावा. पॉइंटवरची काजळी बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसावी. कार्बोरेटरमध्ये जुने पेट्रोल वाळून चिकटा झालेला असतो. त्याच्या बारीक छिद्रात तार खुपसू नये. छिद्र मोठे होते आणि इंजिन जादा पेट्रोल पिते. ते हवेच्या झोताने साफ करावे. दोन स्ट्रोकच्या या इंजिनांना वंगण पेट्रोलमधूनच मिळते. जुन्या गाड्यांत साधारणपणे एक लिटर पेट्रोलमध्ये ४० मिलिलिटरच्या आसपास तेल मिसळत. तेल विसरले तर मोकळा केलेला पिस्टन पुन्हा जाम होतो.

सांगाड्यावरचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढून त्यावर लगेच तांबड्या प्रायमरचा हात द्यावा आणि मग रंगाचे पातळ थर द्यावेत. गंजावरच रंग लावला तर गाडी चार दिवस छान दिसते. पण आत गंज वाढतच राहतो. सांगाडा आतून पोखरला असेल, तर मात्र मिस्त्रीला दाखवूनच पुढे जावे.

काही वस्तू जुन्या वापरायच्याच नसतात. वरून चांगले दिसले तरी चिरा पडलेले टायर, ट्यूब आणि ब्रेकची तार नवीनच घ्यावी. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुंकरीने उडवू नये, कारण ती फुप्फुसांना घातक असते. ती ओल्या फडक्याने पुसावी. न चालणाऱ्या गाडीने कोणाचे नुकसान होत नाही. पण न थांबणारी गाडी जीव घेते.

कागदपत्रेही पाहायला हवीत. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांसाठी ती वाढवावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी सुरू झाली आहे. मात्र अशी नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. म्हणून गाडीचा मूळ भाग दुरुस्त होत असेल, तर तो फेकू नये.

शेवटी तो दिवस येतो. एक किक, दुसरी किक, दहावी किक. प्रत्येक वेळी नुसता 'फुस्स' असा आवाज. आणि मग एकदम पांढरट धूर आणि फट् फट् फट्! शेजारपाजारचे लोक दारात येतात. मोटारसायकल चालवायचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. तेव्हा गाडी तुम्ही घासली असली, तरी ती चालवायची मोठ्यांनी. तुम्ही हेल्मेट घालून मागे बसायचे.

दुरुस्ती हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. जे बिघडले ते दुरुस्त होऊ शकते, हा विश्वास दोन्ही भाषांत सारखाच आहे. ढाळजेतल्या गाडीवरचे गोणपाट उचलण्यापूर्वी मात्र आजोबांजवळ बसा आणि त्यांना विचारा, "ही गाडी पहिल्यांदा घरी आली, तो दिवस कसा होता?" दुरुस्तीचे पहिले काम तेच आहे.