अद्भुताच्या वाटेवर : सोडलेलं अस्त्र

या आठवड्यात नारायण धारपांच्या समर्थांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते राहू द्या. पिंपळनेरच्या एका वाचकाने खडसावलंय: स्वतःच्या आतल्या काळोखातून बळ उपसणारे नायक तुम्ही सारखे परदेशातून आणता, आपल्याकडे कुणी नाही का?

आहे की! साक्रीहून छडवेलमार्गे नंदुरबार, पुढे तळोदा, आणि तिथून सातपुड्यात अस्तंबा. धनत्रयोदशीच्या सुमारास पोरांचे जथे हा डोंगर चढतात. वर अश्वत्थामा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात, कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून ‘तेल मांगस’. आणि डोंगरात चुकलेल्याला वाटही तोच ‘दाखाडस’.

त्याला नायक कसं म्हणायचं, असं विचाराल. कौरवांच्या बाजूने पाहा, शेवटचा सेनापती तोच. सौप्तिक पर्व काढा, जेमतेम १८ अध्याय आहेत. रात्रीची वेळ, वडाखाली कृप आणि कृतवर्मा झोपलेत, याचा डोळा लागत नाही. फांद्यांवर कावळे निजलेले. एक घुबड गुपचूप येतं, कुणाचे पंख छाटतं, कुणाची मुंडी उडवतं आणि झाडाखाली खच पाडतं. बेत तिथेच ठरतो. कृपाचार्य परोपरीने समजावतात, पण ऐकतो कोण!

शिबिराच्या दारात एक अक्राळविक्राळ भूत उभं असतं. ते याची सगळी शस्त्रं गिळून टाकतं. हात रिकामे झाल्यावर अश्वत्थामा अग्नीत स्वतःचीच आहुती द्यायला निघतो. तेव्हा शिव त्याला खड्ग देतो आणि त्याच्या अंगात शिरतो. हे बळ बाहेरून आलं म्हणावं, तर आदिपर्वात याचा जन्मच महादेव, अंतक, काम आणि क्रोध यांच्या अंशांतून सांगितलाय. म्हणजे अंगात आलं ते घरचंच.

पुढची कत्तल सगळ्यांना ठाऊक आहे. मला मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं. कोंडीत सापडल्यावर तो गवताची काडी उचलून ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. अर्जुनही सोडतो. व्यास-नारद मध्ये उभे राहतात, अर्जुन आपलं परत घेतो. अश्वत्थाम्याला ते साधत नाही. सोडायला राग पुरतो. परत घ्यायला मन ताब्यात लागतं, नाहीतर अस्त्र सोडणाऱ्याचंच डोकं उडवतं. मग ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर जातं, आणि याच्या वाट्याला ३००० वर्षांची वणवण येते.

अर्सुला ले ग्विनच्या १९६८च्या कादंबरीतला गेडही घमेंडीत एक सावली मोकळी सोडतो. पण शेवटी तिला स्वतःच्याच नावाने हाक मारून आपल्यात सामावून घेतो. सुंदर आहे ते. तरी मला व्यासांचा निष्ठुरपणा अधिक पटतो. हल्लीचे कितीतरी नायक आतला काळोख विजेच्या बटणासारखा चालू-बंद करतात, तेव्हा तर फारच.

एक कोडं उरतंच. झोपलेल्यांना मारणारा हा माणूस वाटाड्या कसा झाला? महाभारतात याचा मागमूस नाही. अस्तंब्याला जाऊन आलेल्यांनी, घरात काय ऐकलंय ते जरूर लिहून पाठवा. पत्रं आली तर समर्थ आणखी एक आठवडा थांबतील.