कांबळीवरचा राग

वरळीच्या बीडीडी चाळींत विनोद कांबळीचा विषय निघाला, की आजही कोणीतरी "वाया घालवले पोराने!" असे चिडून म्हणतोच. १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्यांना, कांजूरमार्गहून लोकलने शिवाजी पार्क गाठणारा हा मुलगा आपल्यातलाच वाटला होता. १९८८ मध्ये आझाद मैदानावरील शालेय सामन्यात त्याने सचिन तेंडुलकरसह ६६४ धावांची अभेद्य भागी केली. तीत तेंडुलकरच्या ३२६, तर कांबळीच्या ३४९. १९९३ साली वानखेडेवर २२४, लगोलग दिल्लीत २२७. पहिल्या ७ कसोट्यांत ७९३ धावा आणि ४ शतके!

पुढील १० कसोट्यांत मात्र अवघ्या २९१ धावा, आणि शतक एकही नाही. वेस्ट इंडीजच्या आखूड टप्प्याच्या माऱ्याने त्याचे वर्म उघडे पाडले. बेशिस्तीचीही बोलवा झाली. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटकला तो अखेरची कसोटी खेळला, तेव्हा त्याचे वय अवघे २३ होते.

तथापि ५४.२० ची सरासरी असलेल्या तरुणासाठी कसोटीचे दार पुन्हा का उघडले नाही, याचा जाब निवड समितीला फारसा कोणी विचारत नाही. एकदिवसीय सामन्यांसाठी तर तो २००० पर्यंत चालत होता! पण परक्यावर रागावून काय मिळणार? चाळकरी रागावतो तो आपल्या माणसावर. डिसेंबर २०२४ मध्ये आचरेकर सरांच्या स्मारकाच्या समारंभात, तेंडुलकरचा हात धरून बसलेला थकलेला कांबळी पाहून कळवळले, तेही हेच लोक.