जुन्या मोटारसायकलीचे बेअरिंग

जड शिळा जमिनीवरून ओढण्यापेक्षा तिच्याखाली गोल ओंडके घालून ती ढकलणे सोपे, हा शोध मनुष्याला फार प्राचीन काळी लागला. घासण्यापेक्षा लोळण्यात विरोध कमी, एवढेच त्यातील तत्त्व. मोटारसायकलीच्या चाकात बसविलेले बॉल बेअरिंग हे त्याच तत्त्वाचे सुधारलेले रूप होय. दोन पोलादी कड्या, त्यांच्या मधल्या चरातून फिरणाऱ्या गोळ्या आणि त्या गोळ्यांना सारख्या अंतरावर ठेवणारा पिंजरा, असा त्याचा साधा संसार. गोळ्यांना कारागीर छर्रे म्हणतात.

1955 पासून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, तयार होऊ लागलेली एनफील्ड बुलेट किंवा 1960च्या दशकात म्हैसूरच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेली जावा आजही अनेक घरांत जिव्हाळ्याने सांभाळली जाते. अशा गाडीच्या चाकाची बेअरिंगे केवळ वयाने झिजत नाहीत. सुकलेले ग्रीस, पावसाळ्याचे पाणी आणि रस्त्यावरची बारीक धूळ ही त्यांची खरी वैरी. त्यांतील दोष वेळीच ओळखला नाही, तर भर वेगात चाक डगमगू लागते किंवा बेअरिंग अडकून बसते. आणि तेव्हा प्रश्न गाडीचा उरत नाही, स्वाराचा होतो.

परीक्षा सोपी आहे. चाक जमिनीपासून उचलले जाईल अशी गाडी उभी करावी. चाकाची वरची व खालची कड धरून ते डावी-उजवीकडे हलवून पाहावे. ढिलेपणा जाणवल्यास, किंवा चाक फिरविताना घरघर ऐकू आल्यास, बेअरिंग बदलण्याची वेळ आली असे समजावे. पुढच्या चाकाच्या बाबतीत मात्र एक खबरदारी हवी. चाकाबरोबर संपूर्ण फोर्क हलत असेल, तर दोष चाकात नसून हँडलच्या मानेतील बेअरिंगात असतो.

नवे बेअरिंग आणताना त्याच्या अंगावरचा क्रमांक वाचता आला पाहिजे. उदाहरणार्थ, 6203 यातील 6 हा आकडा गोळ्यांच्या खोल चराच्या बेअरिंगाचा, 2 मापांच्या मालिकेचा, तर 03 आतील छिद्र 17 मि.मी. असल्याचा निदर्शक आहे. या बेअरिंगाचा बाहेरचा व्यास 40 मि.मी. व जाडी 12 मि.मी. असते. पुढे 2आरएस ही अक्षरे असली, तर दोन्ही बाजूंना रबराची सीले आहेत असे समजावे. जुन्या बेअरिंगावरील क्रमांक पुसून स्वच्छ वाचून घेतल्याखेरीज दुकानात जाऊ नये.

आता बदलण्याची कृती. चाक काढून ऑइल सील व बेअरिंग अडवून धरणारी कडी प्रथम दूर करावी. ही कडी आट्यांची असल्यास काही गाड्यांत आटे उलटे असतात, म्हणून जोर करण्यापूर्वी ते पाहून घ्यावे. दोन बेअरिंगांच्या मध्ये स्पेसर नावाची नळी असते. ती किंचित बाजूला सरकवून पलीकडून लोखंडी दांडा घालावा आणि आतल्या कडीवर, चहूबाजूंनी फिरत, हलके ठोके द्यावेत. हब ॲल्युमिनियमचा असल्यास तो हीट गनने सर्व बाजूंनी सारखा तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच चरचरला की पुरे. 40 मि.मी. व्यासाचे छिद्र 70 अंशांनी तापले म्हणजे सुमारे 0.06 मि.मी.ने वाढते. पोलादाचे प्रसरण याच्या जवळजवळ निम्मेच, म्हणून बेअरिंगाची पकड सैल होते.

बसविताना मात्र नियम उलटा होतो. येथे बाहेरची कडी हबमध्ये घट्ट बसावयाची असल्याने ठोका तिच्यावरच पडला पाहिजे. आतल्या कडीवर मारलेला घाव गोळ्यांतून पलीकडे जातो आणि टीचभरही नसलेल्या स्पर्शबिंदूवर सारा भार येऊन चरात खड्डे पडतात. स्वीडनच्या ब्रिनेल या अभियंत्याने 1900 साली धातूचा कठीणपणा मोजण्यासाठी त्यावर कठीण गोळी दाबून खळग्याचे माप घेण्याची रीत मांडली. प्रयोगशाळेत जी परीक्षा, तीच बेअरिंगात दुखापत. म्हणूनच आतल्या कडीवर ठोकून काढलेले बेअरिंग दिसावयास चांगले असले, तरी पुन्हा वापरू नये.

पहिले बेअरिंग तळाशी टेकले की ठोक्याचा आवाज बदलून भरीव होतो. मग स्पेसर विसरू नये. तो नसल्यास ॲक्सलचा नट आवळताच दोन्ही आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवी बेअरिंगे अल्पावधीत निकामी होतात. दुसरे बेअरिंग स्पेसरला टेकताच हात थांबवावा. उघड्या बेअरिंगात ग्रीस भरावे, परंतु ब्रेकच्या ड्रमला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. शेवटी चाक मोकळे फिरते ना, हे पाहावे आणि पहिल्या छोट्या फेरीनंतर नट पुन्हा तपासावा.

इंजिनाच्या क्रँकची बेअरिंगे मात्र प्रेस व अचूक मापांची साधने असलेल्या कार्यशाळेकडेच सोपवावीत. घरच्या अंगणात चाकाचे काम नीट होते, ते हातोड्याच्या जोरामुळे नव्हे. भार कोणत्या कडीने कोणत्या कडीकडे जातो, हे ज्याने समजून घेतले, त्याला हलका ठोका पुरतो.