सूडाची हजेरी
काळं हसू : लेखमाला, भाग ५

गेल्या भागात आपण ‘काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) पाहिला. आईच्या अपमानाचा वचपा काढायला निघालेला त्यातला लुई मॅझिनी खून करतानाही बोलण्यातली अदब सोडत नाही आणि तिथलं हसू त्याच्या त्या गोड जिभेतूनच येतं. आजचा नायक मात्र घुम्या आहे. तरीही त्याच्या सूडकथेत आपण हसतो. ते का, एवढंच या भागात पाहायचं आहे.

चित्रपट नॉर्वेचा, ‘क्राफ्टइडियोटेन’. दिग्दर्शक हान्स पेटर मोलांड, पटकथा डॅनिश लेखक किम फुप्स ओकेसन यांची. २०१४च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धा विभागात दाखवला गेला. निल्स डिकमन (स्टेलान स्कार्सगार्ड) हा मूळचा स्वीडिश माणूस नॉर्वेच्या एका आडगावात बर्फ उपसायची अजस्र गाडी चालवतो. रस्ता मोकळा ठेवणं हे त्याचं काम. ते तो इतक्या निष्ठेने करतो की गाव त्याला वर्षाचा आदर्श नागरिक ठरवतं. आणि याच सुमारास त्याचा मुलगा मरतो. पोलीस म्हणतात, अमली पदार्थाचा डोस जास्त झाला. बापाला हे पटत नाही. पोरगा तसा नव्हता.

निल्स स्वतःवर बंदूक रोखून बसलेला असताना मुलाचा मित्र येऊन खरी गोष्ट सांगतो. चोरलेल्या मालाच्या भानगडीत मुलाचा हकनाक बळी गेलेला असतो. मग निल्स टोळीतल्या सर्वांत खालच्या माणसाला गाठतो, त्याच्याकडून वरच्याचं नाव काढून घेतो, त्याच्याकडून त्याच्याही वरच्याचं. दरवेळी तोच शिरस्ता : मारायचं, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीत मृतदेह गुंडाळायचा, धबधब्यात ढकलायचा. ना डायलॉगबाजी, ना शपथा. बर्फ काढतानाचा चेहरा आणि माणूस मारतानाचा चेहरा यात तसूभर फरक नाही. हसू फुटतं ते इथे पहिल्यांदा. सूड म्हटलं की पडद्यावर एरवी जे उसळतं रक्त दिसतं त्याच्या जागी इथे शिफ्ट भरणारा कामगार दिसतो.

दुसरं हसू येतं गैरसमजातून. निल्स आपली माणसं टिपतोय हे टोळीप्रमुखाच्या स्वप्नातही नाही. ‘काउंट’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रमुख (पोल स्वेरे हागेन) कट्टर शाकाहारी, दूधदुभतंसुद्धा वर्ज्य. मुलाने सकाळी काय खावं यावरून घटस्फोटित बायकोशी तावातावाने भांडणारा. आपली माणसं गायब होताहेत ती प्रतिस्पर्धी सर्बियन टोळीमुळे, अशी त्याची समजूत होते आणि तो त्यांच्यातल्या एकाला मारतो. चोर सोडून संन्याशाला सुळी. अर्थात हा संन्यासीही अमली पदार्थांच्याच धंद्यातला. पण मेलेला निघतो सर्बियन म्होरक्या ‘पापा’चा मुलगा. पापाची भूमिका ब्रुनो गांझची, ‘डाउनफॉल’मध्ये हिटलर साकारणाऱ्या नटाची. आता पापाचीही मागणी तीच : मुलाच्या बदल्यात मुलगा.

या चित्रपटाचा खरा खिळा इथे आहे. नायकाचं दुःख आणि गुंडाचं दुःख एकाच मापाचं निघतं. आणि हे दिग्दर्शक कुणाच्या तोंडून बोलून घेत नाही, एका साध्या युक्तीने दाखवतो. कुणी मेलं की पडदा काळा होतो. पांढऱ्या अक्षरांत मृताचं नाव आणि सोबत त्याच्या धर्माचं चिन्ह. निल्सचा कोवळा मुलगा असो की हलकट गुंड, अक्षरांचा आकार तोच आणि पाटी तेवढीच. वर्गात हजेरी घेतात तशी मृतांची हजेरी. पहिल्या पाटीला आपण गप्प असतो. मग पुढची पाटी कधी येते याची वाट पाहू लागतो. एखादा नवा गुंड दारातून आत आला की त्याचं नाव कसं छापलेलं दिसेल हे मनातल्या मनात वाचून होतं. शेवटी चकमक होते तेव्हा एकाच पाटीवर नावांची रांग लागते आणि थिएटर हसतं. त्या क्षणी आपणही मोजदाद करणाऱ्यांत सामील झालेलो असतो. काळ्या विनोदाने प्रेक्षकाला गुन्ह्यात ओढायचं ते असं.

या गोष्टीचा अमेरिकी अवतार २०१९मध्ये आला, ‘कोल्ड परस्यूट’. दिग्दर्शक पुन्हा मोलांडच, नायक लियाम नीसन, गाव कोलोरॅडोतलं, आणि सर्बियनांच्या जागी मूळ अमेरिकी आदिवासींची टोळी. त्यातलं शवागाराचं दृश्य आवर्जून पाहा. ओळख पटवण्यासाठी मुलाचा मृतदेह असलेला ट्रे खालून वर आणायचा असतो. कर्मचारी यंत्र दाबत राहतो, ते कुरकुरतं, ट्रे इंचाइंचाने वर येतो, आणि आईबाप ताटकळत उभे. रडावं की हसावं कळत नाही, आणि दिग्दर्शक ते ठरवून देत नाही.

मात्र नीसनला घेतल्यामुळे एक तोटा झाला. ‘टेकन’पासून तो पडद्यावर आला की समोरच्याचं काही खरं नाही, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. स्कार्सगार्डचा निल्स पहिला खून करेपर्यंत आपण साशंक असतो. एका सरळमार्गी माणसाच्या हातून हे होतंय याचा धक्का तिथे शाबूत राहतो. दोन्हींपैकी एकच पाहायचा असेल तर नॉर्वेचा पाहा, आणि नावांच्या पाट्यांवर आपण नक्की कितव्या पाटीला हसलो ते लक्षात ठेवा.

पुढच्या भागात अर्जेंटिनाचा ‘वाइल्ड टेल्स’ : एकाच चित्रपटात सूडाच्या सहा गोष्टी.